वीसास एक की एकास एक? बॅकअपच्या डीडुपसाठी डिस्क, रॅम आणि पद्धत ठरवताना

लातूरच्या एका दवाखान्यात मागच्या वर्षी एक कोटेशन समोर ठेवून बसलो होतो. कोटेशन माझं नव्हतं, दुसऱ्या पुरवठादाराचं होतं. त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं, 'डीडुप रेशो २०:१'. डीडुप म्हणजे डीडुप्लिकेशन, सारखा डेटा एकदाच साठवायची पद्धत. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे वीस टीबीचा डेटा एका टीबीत बसणार? मग दोन टीबीची एकच डिस्क घेऊ की. खर्च कशाला वाढवता?"

"सर, यात एक्स-रे अन् सोनोग्राफीच्या इमेज किती आहेत?"

"निम्म्या तरी असतील."

"मग त्या निम्म्याला वीसास एक नाही, एकास एकच धरा."

डॉक्टरांचा चेहरा पडला, पण पुढच्या तासाभरात आम्ही जो हिशोब मांडला तोच इथं सविस्तर देतोय. पाच-सात कॉम्प्युटर, एक-दोन सर्व्हर आणि दोन-तीन टीबी डेटा असलेला दवाखाना, पतसंस्था, डाळ मिल किंवा कोचिंग क्लास, अशा आपल्याकडच्या ठिकाणांसाठी तो लागू पडतो. मोठ्या डेटा सेंटरवाल्यांना याचा उपयोग नाही.

डीडुप म्हणजे सातबारा आणि फेरफार

सातबाऱ्यावर खरेदीखताचा किंवा वाटणीचा सगळा मजकूर नसतो, फेरफाराचा नंबर असतो. मजकूर एकदाच, गाव नमुना सहाच्या वहीत. एका फेरफारानं दहा गटांवर परिणाम झाला तरी मजकूर दहा वेळा लिहीत नाहीत, दहा ठिकाणी नंबर टाकतात.

डीडुप हेच करतं. फाईलचे तुकडे पाडतं, त्यांना चंक म्हणतात. प्रत्येक चंकचा हॅश काढतं, म्हणजे त्या तुकड्याचा अंगठाच समजा. तोच अंगठा आधी नोंदलेला असेल तर तुकडा पुन्हा साठवत नाही, नुसता नंबर लिहितं. कालचा आणि आजचा बॅकअप ९९ टक्के सारखा असेल तर आजच्यासाठी फक्त उरलेला एक टक्का डिस्कवर जातो.

आता याची दुसरी बाजू. फेरफाराच्या वहीचं ते एक पान फाटलं तर दहाही सातबारे लटकतात. डीडुपमध्ये एक चंक खराब झाला की तो वापरणारे सगळे बॅकअप, आजचा, परवाचा आणि सहा महिन्यांपूर्वीचाही, त्या जागी तुटतात. तुमच्याकडे ३४ बॅकअप दिसत असले तरी बऱ्याचशा मजकुराची प्रत एकच आहे. पुढचा बराचसा खर्च ह्या एका वाक्यामुळे आहे.

आधी डेटा मोजा, मग डिस्कचं बोला

डेटा चार ढिगांत वेगळा करा: डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन (एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरनं उभे केलेले कॉम्प्युटर), साधी कागदपत्रं आणि आधीच दाबलेल्या फाईल. जेपीईजी, एमपी४, झिप आणि बहुतेक स्कॅन केलेल्या पीडीएफ ह्या चौथ्या ढिगात. त्यांच्यावर डीडुपचा आणि कॉम्प्रेशनचा असर जवळपास शून्य. तीच फाईल दोन फोल्डरांत पडली असेल तर तेवढी एक वाचते. एन्क्रिप्ट केलेला डेटाही तसाच. कुलूप लावलं की सारखे तुकडेसुद्धा वेगळे दिसू लागतात. म्हणून क्रम नेहमी असा ठेवायचा: आधी डीडुप, मग कॉम्प्रेशन, शेवटी एन्क्रिप्शन. बोर्ग, रेस्टिक ही बॅकअपची मोफत साधनं हा क्रम आपणहून पाळतात.

हिशोबासाठी एक मध्यम दवाखाना धरू. डेटाबेस ४० जीबी. १२० जीबीच्या दोन विंडोज व्हर्च्युअल मशीन, म्हणजे २४०. स्कॅन केलेले केसपेपर ६०० जीबी. इमेज ९०० जीबी. एकूण १,७८० जीबी. रोजच्या १४, आठवड्याच्या ८ आणि महिन्याच्या १२ अशा ३४ प्रती ठेवायच्या आहेत.

प्रत्येक वेळी पूर्ण कॉपी घेतली तर ३४ गुणिले १.७८, म्हणजे साधारण ६०.५ टीबी.

डीडुप लावल्यावर काय होतं ते ढिगानुसार बघा. पहिल्या बॅकअपला डेटाबेस दबून १२ जीबी झाला. दोन्ही मशीनवर विंडोज एकच असल्यामुळे त्या २४० चे ११० झाले. केसपेपर ५७०, इमेज ८९०. बेरीज १,५८२ जीबी. म्हणजे पहिल्या दिवशी बचत जेमतेम ११ टक्के! वर्षभरात इमेज रोज १ जीबी धरून ३६५ वाढल्या, केसपेपर महिन्याला ८ धरून ९६. डेटाबेसच्या जुन्या प्रतींमुळे १५० च्या आसपास, मशीनच्या प्रतींमुळे १३० च्या आसपास. वर्षाअखेर सगळं मिळून २.३ टीबी.

६०.५ भागिले २.३ केलं की २६:१ निघतं. कोटेशनवाला खोटं बोलत नव्हता, पण ह्या रेशोत डिस्क ठरवायच्या कामाचं काही नाही. १४ ऐवजी ६० रोजच्या प्रती ठेवा, रेशो आणखी फुगेल आणि तुमचा डेटा मात्र तेवढाच राहील. खरी तुलना पूर्ण कॉपीशी करायचीच नाही. न बदललेली फाईल हार्डलिंकनं, म्हणजे त्याच फाईलला दुसरं नाव देऊन, एकदाच ठेवणाऱ्या आर-सिंक ह्या कॉपीच्या साध्या साधनाशी करा. त्या पद्धतीत इमेज आणि केसपेपर तसेही एकदाच राहतात, मार खातात त्या व्हर्च्युअल मशीन, कारण त्यांची डिस्क ही एकच मोठी फाईल, थोडी बदलली तरी पूर्ण नवी प्रत: २४० गुणिले ३४, म्हणजे ८.१ टीबी. डेटाबेसच्या दाबलेल्या १२ जीबीच्या ३४ प्रती धरून सगळं मिळून साडेदहा टीबी. तेव्हा डीडुपची खरी कमाई साडेदहाच्या जागी २.३, आणि ती जवळपास सगळी व्हर्च्युअल मशीनमधून. ज्याच्याकडे व्हर्च्युअल मशीन नाहीत, नुसते फोटो आणि व्हिडिओ आहेत, त्यानं डीडुपसाठी जादा पैसे घालू नयेत. एका कोचिंग क्लासला मी हेच सांगितलं. लेक्चरचे व्हिडिओ दोन साध्या डिस्कवर कॉपी करा, विषय संपला.

हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील. ते काढायला एखादी जुनी डिस्क घ्या, प्रत्येक ढिगातला थोडा नमुना रेस्टिक किंवा बोर्गनं सलग चार-पाच दिवस घ्या आणि रोज मूळ आकार किती आणि प्रत्यक्ष जागा किती वाढली ते वहीत लिहा. झेडएफएस ही डिस्कवर फाईल मांडणारी फाईल सिस्टिम वापरत असाल तर तिच्या झेडडीबी ह्या साधनानं डीडुप चालू न करताही अंदाज निघतो. नमुन्यात सोमवार नक्की धरा. रविवारचे आकडे फार गोड येतात.

चंक केवढा? सगळं इथं अडतं

चंक लहान तेवढ्या सारख्या जागा जास्त सापडतात, जागा वाचते. पण नोंदी वाढतात. १ टीबी डेटाचे १२८ केबीचे तुकडे केले तर सुमारे ८४ लाख नोंदी होतात. झेडएफएसच्या जुन्या डीडुप टेबलमध्ये, म्हणजे ह्या नोंदींच्या तक्त्यात, एका नोंदीला ३२० बाइट रॅम धरतात, म्हणजे टीबीमागे अडीच जीबी. ६४ केबीचे केले तर पाच जीबी. आणि डेटाबेससाठी कुणी ८ केबी ठेवला असेल तर टीबीमागे ४० जीबी रॅम. उलट बोर्ग सरासरी २ एमबीचा तुकडा धरतो, रेस्टिक सरासरी १ एमबीचा, आणि प्रॉक्समॉक्स ह्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीचा बॅकअप सर्व्हर व्हर्च्युअल डिस्कसाठी ठरावीक ४ एमबीचा. ४ एमबीला टीबीमागे नोंदी फक्त २ लाख ६२ हजार.

मी स्वतः इथंच आपटलो आहे. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ४ जीबी रॅमच्या छोट्या डब्यावर झेडएफएस टाकलं आणि डीडुप चालू केलं. पहिले दोन आठवडे मजेत गेले. टेबल रॅमच्या बाहेर गेल्यावर प्रत्येक लिहिण्याआधी ते डिस्कवरून वाचायला लागलं. रात्री अकराला सुरू झालेला बॅकअप सकाळी पेशंटची रांग लागली तरी चालूच. जुनी प्रत पुसायला घेतली तर पुसणंही तेवढंच हळू, कारण पुसतानाही टेबल चाळावं लागतं. डीडुप बंद केलं, पण त्यानं फक्त नवं लिहिलेलं सुटतं, जुने ब्लॉक टेबलात अडकलेलेच राहतात. शेवटी सगळा डेटा दुसरीकडे काढून पूल, म्हणजे झेडएफएसचा डिस्कचा गट, नव्यानं बांधला.

जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपन-झेडएफएस २.३ मध्ये 'फास्ट डीडुप' आलं. त्यात टेबलच्या आकाराला मर्यादा घालता येते आणि बरंच सुधारलं आहे. तरीही माझं मत बदललेलं नाही. झेडएफएस घ्या, त्याचं कॉम्प्रेशन, स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) आणि स्क्रब (सगळा डेटा वाचून खराबी शोधणं) वापरा, डीडुप बॅकअपच्या साधनाला करू द्या. दोन ठिकाणी डीडुप तर अजिबात नको.

तुकड्यांची दुसरी गंमत म्हणजे ठरावीक आकार की बदलता आकार. दोनशे पानी वहीत पहिल्या पानावर एक ओळ घुसवली की पुढच्या प्रत्येक पानाचा शेवट एका ओळीनं सरकतो. पानापानाची तुलना केली तर सगळी वही नवी वाटते. ठरावीक आकाराच्या चंकचं तेच होतं. बदलत्या आकाराची पद्धत पानं मोजत नाही, मजकूर बघून तुकडा पाडते, म्हणून घुसवलेल्या ओळीपाशी एखाद-दोन तुकडे बदलतात आणि पुढचे जुळतात. डेटाबेसच्या डंपला (फाईलमध्ये काढलेल्या पूर्ण प्रतीला) आणि साध्या फाईलना ही पद्धत हवी. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कमध्ये बदल जागच्या जागी होतात, काही सरकत नाही, तिथं ठरावीक आकार पुरतो आणि वेगही मिळतो.

परत आणायचा वेग काढल्याशिवाय डिस्क घेऊ नका

बॅकअप घेताना सगळं सरळ रेषेत लिहिलं जातं. परत आणताना तुकडे डिस्कभर विखुरलेले असतात. ७,२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला सरासरी १२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ऐंशीएक उड्या. तुकडा ६४ केबीचा असेल आणि प्रत्येकाला उडी मारावी लागली तर वेग पडतो सेकंदाला ५ एमबी. १ टीबी परत आणायला ५३ तास. तोच तुकडा ४ एमबीचा असेल तर उडीचे १२ आणि वाचायचे २३ मिलिसेकंद धरून सेकंदाला सव्वाशेच्या खाली एमबी निघतात. १ टीबी अडीच तासांच्या आत. ही सगळ्यात वाईट परिस्थिती धरली आहे, प्रत्यक्षात थोडं बरं असतं. पण डिस्क तीच, डेटा तोच आणि फरक दोन दिवसांचा.

म्हणून मालकाला जागेच्या आधी हे विचारायचं: "सर्व्हर पूर्ण गेला तर किती तासांत काम सुरू व्हायला पाहिजे?" दवाखान्याचं उत्तर सहसा "लगेच" असं येतं. मग पुढचा प्रश्न: "लगेच काय लागेल? बिलिंग की तीन वर्षांपूर्वीचे एक्स-रे?" बिलिंगचा डेटाबेस आणि मशीनचा बॅकअप एसएसडीवर, इमेज हार्ड डिस्कवर, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

यादी

जागा: वर्षाअखेर २.३ टीबी, दरवर्षी अर्धा टीबी वाढ, तीन वर्षांत साडेतीनच्या आत. चौथा हिस्सा कायम रिकामा हवा, म्हणजे साडेचार टीबी. ६ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहील अशा, घ्या. त्या सीएमआर प्रकारच्याच, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या, हव्यात. एसएमआर डिस्क स्वस्त मिळते, पण तिच्यात ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात. सतत लिहिणं-पुसणं चालू झालं की ती दमते, आणि मिरर नव्यानं बांधताना तर फारच. खोक्यावर हे लिहिलेलं असेलच असं नाही. मॉडेल नंबर उत्पादकाच्या तक्त्यात बघून मगच पैसे द्या.

रॅम: प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरचा ठोकताळा ४ जीबी आणि वर टीबीमागे किमान १ जीबी. आपल्याला १६ पुष्कळ. ती ईसीसी, म्हणजे बिटची चूक ओळखून दुरुस्त करणारी, असावी. हॅश काढायच्या आधीच रॅममध्ये बिट उलटला तर चुकीचा तुकडा बरोबर म्हणून नोंदला जातो आणि पुढचे सगळे बॅकअप त्यावर उभे राहतात. ईसीसीसाठी प्रोसेसर आणि मदरबोर्डही तसे लागतात, म्हणून जुना सर्व्हर दर्जाचा डबा मिळाला तर नव्या घरगुती पीसीपेक्षा मी तो पसंत करतो.

एसएसडी: चंकची नोंद ठेवायला. २ एमबीचा तुकडा धरला तर दोन टीबीचे दहा लाखांवर चंक होतात. साफसफाईच्या वेळी प्रत्येकाला हात लावावा लागतो आणि नुसत्या हार्ड डिस्कवर ते काम रात्र खातं. झेडएफएसमध्ये 'स्पेशल डिव्हाइस' म्हणून एसएसडी जोडणार असाल तर दोन घ्या, मिररमध्ये. ती एकटी गेली तर पूर्ण पूल जातो.

प्रोसेसर आणि नेटवर्कची काळजी नको. आजचा साधा प्रोसेसर पुरतो आणि गिगाबिटवरून दीड टीबी चार तासांत जातं.

विजेकडे मात्र लक्ष द्या. यूपीएस नुसता बॅटरीवाला नको, यूएसबीनं सर्व्हरला जोडलेला आणि बॅटरी उतरू लागली की सर्व्हर नीट बंद करणारा हवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो आणि बॅकअपचा डबा हमखास जिन्याखालच्या कपाटात कोंबलेला असतो. मे महिन्यात त्या कपाटाचं दार काढून ठेवायला लावणारा माणूस मीच.

कोणाला काय

व्हर्च्युअल मशीन प्रॉक्समॉक्सवर असतील तर त्याचाच बॅकअप सर्व्हर. लिनक्स सर्व्हर असेल तर बोर्ग. विंडोजच्या फाईल आणि मिश्र मशीन असतील तर रेस्टिक, कारण ते विंडोजवर थेट चालतं आणि अनेक मशीन एकाच भांडारात (बॅकअपचे तुकडे साठवायच्या जागेत) लिहू शकतात, त्यामुळे मशीन-मशीनमधलं साम्यही वाचतं. विंडोज सर्व्हरमध्ये २०१२ पासून स्वतःचं डीडुप आहे, पण ते आधी सगळं लिहून घेतं आणि नंतर मागाहून तुकडे जुळवतं, मूळ सेटिंगमध्ये तर तीन दिवस जुन्या फाईलनाच हात लावतं. तेवढी उतरवायची जागा वेगळी धरावी लागते.

डेटाबेसचा डंप झिप करून देऊ नका. झिपमध्ये सुरुवातीला एक अक्षर बदललं तरी पुढचं सगळं बदलतं आणि डीडुप आंधळं होतं. साधा डंप द्या, दाबायचं काम बॅकअपचं साधन करेल. झिप करायचाच असेल तर जी-झिपला आर-सिंकस्नेही पर्याय आहे, तो लावा. टॅली बंद करून कंपनीचा डेटा फोल्डर सरळ घ्या.

दुसरी प्रत कुणीकडं

१९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट ज्यांनी पाहिली त्यांना "प्रत दुसऱ्या गावात ठेवा" हे पटवावं लागत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर जन्मलेल्या मालकांना लागतं.

५० एमबीपीएसच्या लाईनवरून १.६ टीबीची पहिली प्रत चढवायला ७१ तास लागतात, तेही लाईन एकदाही तुटली नाही तर. म्हणून पहिली प्रत डिस्कवर घेऊन स्वतः न्यायची. उदगीरच्या शाखेची पहिली प्रत मी एसटीनं नेली आहे, डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर. त्यानंतर रोजचे ६ जीबी त्याच लाईनवरून सोळा-सतरा मिनिटांत जातात, कारण तुकडे पाडायचं काम पाठवणाराच करतो आणि नवे तेवढेच पाठवतो.

पण दुसरी प्रत म्हणजे पहिल्या भांडाराची जशीच्या तशी नक्कल नको. पहिल्यात खराबी शिरली तर ती रात्रीतून दुसरीकडेही पोचते. दुसरीकडे वेगळं भांडार करा आणि मूळ डेटावरूनच तिकडं स्वतंत्र बॅकअप घ्या. त्या भांडारावर फक्त भर घालायची परवानगी द्या, पुसायची नाही, म्हणजे फाईल एन्क्रिप्ट करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर तिथवर आलं तरी जुनं पुसू शकणार नाही. एक फायदा असाही: रोज ६ जीबी नवे येतात तिथं एका रात्रीत ७०० जीबी आले तर समजा की कुणीतरी फाईल एन्क्रिप्ट करतंय. तेवढी एक सूचना मोबाईलवर येईल अशी सोय करून ठेवा.

आणि महिन्यातून एकदा डेटाबेस आणि टॅलीची एक अगदी साधी, डीडुप नसलेली कॉपी बाहेरच्या डिस्कवर. पन्नास जीबीचं काम आहे. पासवर्ड आणि एन्क्रिप्शनची किल्ली (की) कागदावर छापून बँकेच्या लॉकरमध्ये. किल्ली गेली की भांडार म्हणजे नुसता कचरा, तिथं कुणीच मदत करू शकत नाही.

साफसफाई आणि तपासणी

जुन्या प्रती काढल्या की लगेच जागा मोकळी होते असं समजू नका. बोर्गमध्ये १.२ पासून प्रती काढल्यावर कॉम्पॅक्ट ही कमांड वेगळी चालवावी लागते, रेस्टिकमध्ये विसरणं आणि छाटणं ही दोन कामं आहेत. प्रॉक्समॉक्सची साफसफाई तर मूळ सेटिंगमध्ये २४ तास ५ मिनिटांच्या आत हात लागलेला तुकडा पुसतच नाही. भांडार शंभर टक्के भरलं तर पुसण्यासाठी लागणारी थोडी जागाही उरत नाही, ही कोंडी मी एका दिवाळीत अनुभवली. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी २० जीबीची एक फाईल नुसती पडून ठेवतो, कॉम्प्रेशनमध्ये विरघळू नये म्हणून रँडम डेटानं भरलेली. कोंडी झाली की ती पुसायची आणि साफसफाई चालवायची. स्नॅपशॉट घेत असाल तर ती त्यांच्या बाहेर ठेवा, नाहीतर पुसूनही जागा सुटत नाही.

महिन्याला एक स्क्रब. दर आठवड्याला भांडाराचा काही टक्के भाग प्रत्यक्ष वाचून तपासणी. रेस्टिकला वीसपैकी कितवा भाग वाचायचा ते सांगता येतं, म्हणजे दर आठवड्याला पुढचा भाग दिला की वीस आठवड्यांत सगळं भांडार एकदा चाळून होतं.

आणि परत आणण्याची तालीम. त्या दवाखान्यात डब्याच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. तारीख, काय परत आणलं, किती मिनिटं लागली, कुणी उघडून बघितलं. पहिल्या ओळीत डेटाबेसपुढे ४२ मिनिटं लिहिली आहेत. एसएसडी टाकल्यानंतरच्या ओळीत ९. शेवटच्या रकान्यात रिसेप्शनवरच्या ताईंची सही आहे, कारण बिलिंग उघडून कालचं शेवटचं बिल बघायचं काम त्यांच्याकडे दिलंय. मी स्वतः तपासलं तर मला ते बरोबरच दिसतं.